फळ्यावरचा जुलै

२००१ सालचा फेब्रुवारी महिना. शिरगुप्पे सरांनी फळ्यावर लिहिलं, 'केळुसकर आइस फॅक्टरी. जन्म १९६४. मृत्यू', त्यापुढे एक आडवी रेघ ओढली आणि हात झटकले.

वर्गातली एकोणीस डोकी तिसऱ्या बाकाकडे वळली. तिथे विसावी मी बसले होते, आणि फॅक्टरी आमची होती.

"काकी, राग नाही ना आला?" सरांनी विचारलं.

"राग कसला? पण सर, फॅक्टरीच्या मालकांना मी आत्ताच चहा देऊन आलेय."

वर्ग हसला. सरही हसले. मालकांनीच परवानगी दिली आहे, ते म्हणाले, आणि आपण मालकांबद्दल नाही, धंद्याबद्दल बोलतोय. माणूस गेल्यावर डॉक्टर कारण लिहून देतात, त्याचा पेशंटला काही उपयोग नसतो. म्हणून स्ट्रॅटेजिक मॅनेजमेंट शिकणाऱ्यानं कारण आधी लिहायचं. हा धंदा मेलेला आहे असं समजा आणि कशानं मेला ते शोधा.

"दोन आठवडे देतो. मग सोमवारी शोकसभा," ते म्हणाले. "तीन गट, तीन कारणं."

मी त्या वर्गात कशी आले ते सांगायला हवं. आमच्या बंदरावरच्या कॉलेजात बीबीए सुरू झालं १९९८ साली. वीस मुलं भरली तरच वर्ग चालणार होता आणि गाडी एकोणिसावर अडली होती. प्राचार्य दाजी नाबर हे माझ्या यजमानांचे शाळेपासूनचे मित्र. एका संध्याकाळी ते आमच्या ओट्यावर डोकं धरून बसले होते. माझ्या यजमानांना सगळं बंदर भाई म्हणायचं, आणि लग्नानंतर वर्षभरात मीही तेच म्हणू लागले होते. भाईंनी आतल्या दाराकडे बघितलं आणि म्हणाले, "दाजी, विसावां गिऱ्हाईक घरातच आसा. सावंतवाडीक इंटर झालेली आसा ती."

मी तेव्हा सेहेचाळीस वर्षांची होते. एकुलती मुलगी लग्न होऊन बडोद्याला गेलेली, तिला बर्फ माहीत तो सरबतातला. मी नाहीच म्हणणार होते. पण त्याआधी भाईंची थोरली बहीण, कमळाआक्का, पडवीतून म्हणाली, "ह्या वयात दप्तर घेवन जातली काय ही?" त्या एका वाक्यासाठी मी गेले.

पहिले काही महिने मुलं मला बघून गप्प व्हायची. मग माझ्या डब्यातली नीरफणसाची कापं त्यांना समजली, आणि मी सगळं उतरवून घेते हेही समजलं. तिसऱ्या वर्षाला येईपर्यंत मी सगळ्यांची काकी होते. परीक्षेच्या आधी माझी वही घराघरांतून फिरायची.

शिरगुप्पे सर जयसिंगपूरचे. वय अठ्ठावीस. घरी कांदासुद्धा वर्ज्य, आणि नोकरी लागली ती आमच्या गावात, जिथे वाराही माशाच्या वासाचा. बिचारे बटाट्यावर दिवस काढायचे. ते धंद्याचं बळ, उणीव, संधी, धोका अशा चार रकान्यांत सगळं मांडायला लावत, तेव्हा मागच्या बाकावरून कोणीतरी हमखास म्हणे, "सर, बांगडो खंयच्या रकान्यात?" सर शांतपणे म्हणत, "माझ्यापुरता धोक्यात." शिकवायचे मात्र जीव तोडून. त्यांची वाक्यं मुलं एकमेकांना ऐकवायची. त्यातलं एक मला नेमकं आठवतं. ते म्हणत, बाजारात चौकशी करताना तीन जण तीन गोष्टी सांगतील तर त्यातून खरं निघेल. पण सगळे एकच सांगू लागले, त्याच शब्दांत, तर समजायचं की यांची आधी बैठक झालेली आहे.

हे वाक्य सगळ्यात जास्त आवडायचं हेमांगी गिरपला. ती माझ्याच बाकावर बसायची. तिचे वडील सदानंद गिरप हे बंदरावरचे जुने तांडेल, स्वतःची बोट दर्यात नेणारे. ती बोट आमच्याकडून बर्फ घ्यायची. मुलगी बारीक, सावळी, डोळ्याला डोळा भिडवून प्रश्न विचारणारी. तिला पुण्याला एमबीएला जायचं होतं आणि ती जाणार याबद्दल वर्गात कोणाला शंका नव्हती.

तिसरा गट तिचा. ती पोरं रोज दुपारी फॅक्टरीत येऊ लागली. आमचं घर आणि फॅक्टरी यांच्यामध्ये एक भिंत. पलीकडे कॉम्प्रेसर धुगधुगत असायचा. लग्न होऊन आले तेव्हा त्या आवाजानं मला झोप यायची नाही. पुढे पावसाळ्यात बोटी वर ओढल्या की मशीन दोन महिने बंद असायचं, तेव्हा शांततेनं झोप यायची नाही. त्या दुपारी भिंतीपलीकडून मला कॉम्प्रेसरच्या वर चढवलेले हेमांगीचे प्रश्न ऐकू यायचे. अमोनिया कमी झालाय हे कळतं कसं? तांडेल उधार मागतो तेव्हा कोणाला हो म्हणता? हे सगळं लिहून कुठे ठेवलंय? भाईंचं उत्तर ठरलेलं. "माका विचार."

एकदा जेवताना ते म्हणाले, "गिरपाचा चेडू हुशार. बापूस दर्यात जाळी टाकता, ह्या माणसांत टाकता." आणि मग बराच वेळ भात कालवत राहिले. गेले दोन-तीन महिने ते जरा कमीच जेवत होते. मी विचारलं की म्हणत, वय झालां.

शोकसभेच्या सोमवारी मुलांनी कहर केला. टेबलावर पांढरी चादर, तिच्यावर फॅक्टरीचा फोटो, फोटोला अबोलीचा हार, पुढे उदबत्ती. भाई इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले, हार बघून हसले आणि पहिल्या बाकावर बसले. नाबर सर दाराजवळ उभे राहिले. त्यांना हा प्रकार पसंत नव्हता, ते चेहऱ्यावर दिसत होतं.

पहिला गट म्हणाला, फॅक्टरी विजेच्या बिलानं मेली. दुसरा गट म्हणाला, गोव्याची कंपनी पुढच्या बंदरावर नवा कारखाना टाकतेय, तिच्या गाड्या थेट बोटीपर्यंत बर्फ आणतील, त्यानं मेली. भाई दोघांनाही मान डोलवून म्हणाले, खरां आसा.

मग हेमांगी उठली. तिच्या हातात कागद नव्हता.

"केळुसकर आइस फॅक्टरी मेली," ती म्हणाली, "कारण केळुसकर मेले."

उदबत्तीची राख चादरीवर पडली. ती कोणीही झटकली नाही.

"वीज, गोव्याची गाडी, ही नंतरची कारणं," हेमांगी पुढे म्हणाली. "या धंद्यातलं सगळं एका डोक्यात आहे. आम्ही दोन आठवडे विचारतोय, प्रत्येक उत्तर एकाच माणसाकडे. तो गेला की उत्तरं गेली. ऑक्टोबरमध्ये मालकांचं आकस्मिक निधन. डिसेंबरमध्ये फॅक्टरीला कुलूप."

"हेमांगी, पुरे. बस खाली," नाबर सर म्हणाले. त्यांचा आवाज कापत होता. मला वाटलं, रागानं.

"थांब रे दाजी," भाई म्हणाले. "मेलंय मी. प्रश्न माकाच विचारूक होयो." सगळे जरा सैल झाले. भाई हेमांगीकडे वळले. "ऑक्टोबरच कित्याक?"

असाच धरला, ती म्हणाली.

"ऑक्टोबरात मेलो तर फॅक्टरी मरणा नाय. हंगाम चालू, बोटी बांधलेल्यो, सायमन मशीन चालवता. मालक नसलो तरी चार महिने गाडो आपोआप चलता. कठीण काय ता घे. जुलैत मार तेका. मशीन उघडलेला, बोटी वर ओढलेल्यो, आणि गोयवालो तांडेलांच्या दारोदार फिरता. लिही थंय, फळ्यार."

हेमांगीनं सरांकडे बघितलं. सरांनी खडू पुढे केला. तिनं त्या आडव्या रेघेवर लिहिलं, 'जुलै २००१'. तिचं अक्षर सुरेख होतं.

"आता सांग. मगे बायलेन काय करूचां?"

"पत्नीचा विचार आम्ही केलेला नाही," हेमांगी म्हणाली, आणि तिनं जीभ चावली.

सगळा वर्ग खो खो हसला. मीसुद्धा. भाई एकटे हसले नाहीत.

"करा," ते म्हणाले. "तिका घेवनच करा, ती हयच बसलेली आसा. पुढच्या सोमवारी परत येतंय."

तो आठवडा माझ्या आयुष्यातला सगळ्यात मजेचा आठवडा होता, हे आज लिहिताना कसंतरी वाटतं. पण होता. तिन्ही गट एक झाले. मुलं मला समोर बसवून विचारायची, काकी, भाई गेले, दुसऱ्या दिवशी तुम्ही काय कराल? मी म्हणायची, रडेन. ते झालं, मग? मग मला सुचायचं नाही आणि त्यांना सुचायचं. मशीन दुरुस्तीसाठी जुलैत उघडायचंच नाही, जूनच्या सुरुवातीलाच उघडून, साफ करून परत जोडून टाकायचं. सायमनच्या हाताखाली दुसरा माणूस आत्ताच तयार करायचा. मोठ्या तांडेलांशी शब्द पावसाआधी पक्का करायचा. मी सगळं वहीत उतरवत होते, नेहमीसारखं.

सोमवारी हेमांगीनं ते मांडलं. भाई डोळे मिटून ऐकत होते. शेवटी सुहास मोंडकर उठला. तोही तांडेलाचा मुलगा, फारसं न बोलणारा.

"सगळं ठीक," तो म्हणाला, "पण पहिली लादी कोण सोडणार?"

आमच्या बंदरावर नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिला की बोटी जेटीला लागतात. फॅक्टरीत तयार झालेली हंगामाची पहिली बर्फाची लादी, तिला हळद-कुंकू लावून, मालक स्वतःच्या हातानं घसरगुंडीवरून खाली बोटीत सोडतो. एखादी बोट ती घेते आणि मग बाकीच्या तिच्या मागे लागतात. कमळाआक्का बाविसाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी आली होती. त्या दिवशी ती मागच्या पडवीत बसायची, लादी खाली जाईपर्यंत पुढे यायची नाही.

सुहासला हे नीट शब्दांत म्हणता येईना. "म्हणजे काकी तेव्हा… काकींच्या हातची पहिली लादी कोण घेणार? माझे बाबा तरी नाही घेणार."

 चार रकान्यांत हे कुठेच नव्हतं. 

"माझे बाबा घेतील," हेमांगी म्हणाली.

"विचारलंस त्यांना?" सरांनी म्हटलं.

"विचारायला कशाला हवं? मी सांगेन."

भाईंनी डोळे उघडले.  मग "झाला तर मगे," एवढंच म्हणून उठले. घरी आम्ही चालत आलो. उतरणीवर ते थांबत थांबत चालले, आणि प्रत्येक वेळी कोणाच्या ना कोणाच्या दारात काही बोलायला म्हणून थांबले. मला वाटलं, स्वारी आज खुशीत आहे.

एप्रिलमध्ये परीक्षा झाली. हेमांगी कॉलेजात पहिली आली. पुण्याला तिचा प्रवेश ठरला, ऑगस्टमध्ये जायचं होतं. जूनच्या पहिल्या आठवड्यात भाईंनी सायमनला बोलावून मशीन उघडायला सांगितलं. सायमन म्हणाला, एवढ्या लवकर? भाई म्हणाले, "बायलेच्या कॉलेजान सांगला."

गुरुपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी, भाई फॅक्टरीत खुर्चीवर बसल्या बसल्या गेले. मशीन चार दिवसांपूर्वीच पुन्हा जोडून झालेलं होतं. मी भिंतीच्या अलीकडे कोकमं निवडत होते. पलीकडे काही आवाज झाला नाही. पावसाळ्यात तिथे आवाज नसतोच, म्हणून मला कळलंही नाही. सायमननं येऊन सांगितलं.

तिसऱ्या दिवशी हेमांगी आली. ती दारात होती, चप्पलही काढलेली नव्हती. घरात बायका जमल्या होत्या. कमळाआक्का तिला बघून म्हणाली, "वास्तू तथास्तु म्हणता गो. जित्या माणसाची शोकसभा केलास. महिनोसुद्धा तूच लिवलंस." आक्का ओरडली नाही. साधंच, रडून घोगऱ्या झालेल्या आवाजात बोलली. मी उठेपर्यंत हेमांगी फाटकाबाहेर गेली होती.

मलाही ते वाक्य लागलं, नाही असं नाही. मी शिकलेली बाई, पण त्या दिवसांत डोळे मिटले की मला तो फळा दिसायचा. खडूनं लिहिलेलं ते गोल अक्षर दिसायचं. भिंतीपलीकडे मशीन बंद होतं, तरी मला धुगधुग ऐकू यायची. मी भिंतीला हात लावून बघायची. भिंत गार आणि स्थिर असायची.

तेराव्याला जेवणं उरकल्यावर नाबर सर मागे राहिले. विड्याचं पान हातात तसंच धरून म्हणाले, "वहिनी, भाईला माहीत होतं."

गेल्या दिवाळीनंतर भाई अमोनियाचे सिलिंडर आणायला म्हणून गोव्याला गेले होते. नाबर सर सोबत होते. दोघे इस्पितळात गेले होते. हृदय खूप वाढलं होतं, ऑपरेशनच्या पलीकडे गेलं होतं. डॉक्टर म्हणाले होते, उन्हाळा निघेल, पावसाळा निघेल असं सांगता येत नाही. परत येताना बांद्याला चहा प्यायला थांबले, तिथे भाईंनी त्यांना कोणाला न सांगण्याची शपथ घातली. आणि जानेवारीत स्वतःहून सांगितलं, तुझ्या त्या जयसिंगपूरच्या मास्तराला सांग, ह्या वर्षी माझी फॅक्टरी घे.

"शिरगुप्पेला माहीत होतं?"

"केस घ्यायला सांगितली तेव्हा नाही. शोकसभा झाली, भाई जुलै म्हणाला, त्या संध्याकाळी तो माझ्याकडे आला. तेव्हा सांगावं लागलं."

 मी विचारलं, "मला का नाही सांगितलं?"

नाबर सरांनी पान खाली ठेवलं. "मी म्हटलं होतं त्याला. तर म्हणाला, घरात सांगितलं तर ती रडत बसेल. वर्गात सांगितलं तर लिहून घेईल."

मी आत गेले आणि फार रडले. नंतर, रडणं ओसरल्यावर, मला आठवली ती हेमांगी.

नाबर सर दुसऱ्याच दिवशी गिरपांकडे जाऊन तिला सगळं सांगून आले. शिरगुप्पे सर रजा घेऊन गावी गेले होते, त्यांनी तिकडून फोन केला. दोघांनाही वाटलं, काम झालं. पण सुहासकडून कळलं की तिनं पुण्याची तयारी थांबवली आहे. घरात कोणाशी बोलत नाही. आई विचारते, भात वाढू? तर मानेनं हो की नाही सांगते.

महिना व्हायच्या आत विधवेनं दुसऱ्याच्या घरी जाऊ नये. मी गेले. पहिल्या लादीचा विचार माझ्या मनात नव्हता असं म्हणता येणार नाही. पौर्णिमा आठवड्यावर आली होती, आणि गोव्याच्या कंपनीचा माणूस खरोखरच तांडेलांच्या दारोदार फिरत होता.

हेमांगी मागच्या अंगणात बसली होती. मी तिच्याजवळ पायरीवर बसले आणि सांगितलं. गोवा, इस्पितळ, डॉक्टर काय म्हणाले, जुलै त्यांनीच का घातला.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "काकी, नाबर सरांनी हेच सांगितलं. शिरगुप्पे सरांनी फोनवर हेच सांगितलं. आता तुम्ही. तीन माणसं, एकच गोष्ट, त्याच शब्दांत."

"खरी आहे म्हणून एक आहे, बाळा."

"आधी बैठक झालेली आहे," ती म्हणाली. टोमणा नव्हता तो. थकून म्हणाली. "तुम्हांला माझी दया आली, म्हणून तुम्ही आलात. मला कळतं. डॉक्टरांचा कागद आहे?"

कागद नव्हता. भाईंनी तो बांद्यालाच फाडून टाकला होता, असं नाबर सर म्हणाले होते. मी तेही सांगितलं, आणि सांगता सांगता मलाच ऐकू आलं की हे किती खोटं वाटतंय.

"भाईंनी गंमत केली होती," हेमांगी म्हणाली. "लिहिलं मी. माझ्या हातानं लिहिलं."

मी तिचा हात धरला. तिनं तो सोडवून घेतला नाही, पण त्यात जीवही नव्हता. शेवटी मी विचारलंच, तू बाबांना पहिल्या लादीचं बोलशील का?

ती एकदम माझ्याकडे वळली. इतक्या वेळात तेवढीच एक हालचाल तिच्या चेहऱ्यावर दिसली. "बाबांबद्दल मी काही बोलणार नाही. तोंडातून काढणारच नाही. बाबा पौर्णिमेनंतर दर्यात जाणार आहेत."

नारळी पौर्णिमेला सकाळी सायमननं कॉम्प्रेसर चालू ठेवून बर्फाचे पहिले डबे बाहेर काढले. दुपारी गावानं समुद्राला नारळ दिला. बोटी जेटीला लागल्या, आणि लागूनच राहिल्या. मी घसरगुंडीच्या वरच्या टोकाला उभी होते. समोर लादी, तिच्यातून वाफ निघतेय. हळद-कुंकवाचं तबक घरातून आणलंच नव्हतं, कोणी आणायचं हा प्रश्न होता. खाली माणसं एकमेकांशी बोलत होती, वर कोणी बघत नव्हतं. रस्त्याच्या वळणावर गोव्याची गाडी उभी होती, निळ्या ताडपत्रीची. सुहास तिथेच वडिलांशी काहीतरी भांडत होता. लादीच्या कडा गोल होऊ लागल्या.

मागे पावलं वाजली. कमळाआक्का होती. फॅक्टरी सुरू झाल्यापासून ती त्या दिवशी त्या जागी आली नव्हती. तिनं माझ्याकडे बघितलंही नाही. अंबाड्यात फूल नसायचं तिच्या, पण हातात अबोलीचा एक गुच्छ होता. तो तिनं लादीवर ठेवला आणि भिंतीला टेकून उभी राहिली.

तेवढ्यात रांगेतली तिसरी बोट मागे सरली, वळली आणि घसरगुंडीखाली येऊन लागली. गिरपांची. सदानंद गिरप नाळेवर, बोटीच्या पुढच्या टोकाला, उभे राहिले.

"वयनी, सोडा."

माझ्या तोंडून आलं, "सदाभाऊ, हेमांगी बोलली?"

"ता काय्येक बोलणा नाय. महिनो झालो. फेब्रुवारीत घराक येवन सांगल्यान, 'बाबा, तुमचो शब्द मी देवन इलंय.' शब्द चेडवान दिल्लो, तेका काय बोलूक होया? सोडा तुम्ही."

मी लादी ढकलली. ती पहिल्यांदा हलेना. आक्काचा हात माझ्या हाताशेजारी आला. मग ती घसरत गेली आणि गिरपांच्या बोटीत धप्पकन पडली. सायमननं बर्फ फोडायचं मशीन चालू केलं. दुसरी बोट आली ती मोंडकरांची.

संध्याकाळी मी परत हेमांगीकडे गेले. तिला म्हटलं, "वर्गात तू दोन गोष्टी बोलली होतीस. दुसरीही खरी झाली." ती म्हणाली, बाबा परत येऊ देत. बोट सहाव्या दिवशी आली, सुखरूप, बांगड्यानं भरलेली. तेवढे सहा दिवस ती जेटीवर जाऊन बसत होती. पुण्याच्या प्रवेशाची तारीख त्यातच निघून गेली. मला वाटायचं, पुढच्या वर्षी जाईल.

शिरगुप्पे सर त्याच वर्षी सोडून गेले, आता सांगलीकडे एका कॉलेजात प्राचार्य आहेत. शोकसभा त्यांनी पुन्हा कधी घेतली नाही. परदेशातल्या कंपन्यांच्या केसेस शिकवतात, ज्यांचे मालक कोणी बघितलेले नसतात. मासे अजून खात नाहीत. नाबर सर २००९ मध्ये गेले. सायमन मडगावला मुलाकडे गेला आणि तिथेच वारला. कमळाआक्का नव्वद वर्षं जगली. मरेपर्यंत दर नारळी पौर्णिमेला ती लादीवर अबोली ठेवायला यायची, पण तिसऱ्या दिवशीच्या त्या वाक्याबद्दल आमच्यात कधी बोलणं झालं नाही. सुहासच्या चार बोटी आहेत. सदानंद गिरप म्हातारे होऊन घरात, अंथरुणावर, झोपेत गेले.

फॅक्टरी मी सोळा वर्षं चालवली, त्या वर्गातल्या वहीवर. २०१७ साली बंद झाली. गोव्याच्या गाड्यांनी बंद पाडली. दुसऱ्या गटाचं निदान बरोबर निघालं.

हेमांगी पुण्याला गेली नाही. दोन वर्षांनी रत्नागिरीत लग्न झालं. एका शाळेच्या ऑफिसात नोकरी करते. माणसं चांगली मिळाली, दोन मुलगे आहेत. मुलं प्रवासाला निघाली की ती दारात उभी राहते, पण 'जपून जा' एवढंही म्हणत नाही, असं तिचा नवरा एकदा मला हसत हसत म्हणाला होता. ती कोणाच्याही उद्याबद्दल काही बोलत नाही.

दर नारळी पौर्णिमेला दुपारी मात्र तिचा फोन येतो. "काकी, सुरू झाला?" मी हो म्हणायची आणि कॉम्प्रेसर ऐकू जावा म्हणून फोन खिडकीतून भिंतीकडे धरायची. ती पलीकडे ऐकत राहायची.

फॅक्टरी बंद झाली त्या वर्षीही फोन आला. तिला कोणी सांगितलेलं नव्हतं. मी हो म्हटलं, परसदारी गेले, विहिरीवरचा पंप चालू केला आणि फोन त्याच्याजवळ धरला. तेव्हापासून दरवर्षी तसंच करते. पंपाचा आवाज बारीक आहे, कॉम्प्रेसरसारखा पोटातून येत नाही, आणि हेमांगी बंदरावर वाढलेली आहे. ती काही विचारत नाही. टाकी भरून वाहायला लागते, पाणी अबोलीच्या वाफ्यात शिरतं, तरी ती फोन ठेवीपर्यंत मी पंप बंद करत नाही.